गोणीला देश असतो, पुडीला का नाही? ग्राहक व्यवहार मंत्रालय आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्रालय, भारत सरकार
मा. अध्यक्ष, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्के झाले. १ नोव्हेंबर २०२५ पासून पिवळ्या वाटाण्यावर ३० टक्के शुल्क लागले. त्याआधी, जानेवारी २०२५ मध्ये, तुरीच्या शुल्कमुक्त आयातीची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली गेली. या तीन निर्णयांचा परिणाम घरातल्या तीन डब्यांवर होतो: तेलाच्या, बेसनाच्या आणि तूरडाळीच्या. पण दुकानातली पुडी उलटीसुलटी करून पाहिली, तर यातल्या एकाही निर्णयाची खूण तिच्यावर सापडत नाही. माल कुठून आला ते कळत नाही, आणि त्यामुळे शुल्क कमी-जास्त झाल्यावर भाव का बदलला, किंवा का बदलला नाही, तेही कळत नाही.

आम्ही किराणा दुकाने चालवणारे, डाळ-तेलाचा घाऊक व्यवहार रोज पाहणारे आणि महिन्याची यादी घेऊन येणारे ग्राहक आहोत. काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हे पत्र लिहीत आहोत, कारण प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. ग्राहक विचारतो, "ही डाळ आपल्याकडची का?" आणि दुकानदाराकडे उत्तर नसते. त्याच्या घाऊक बिलावर "तूरडाळ फटका" आणि एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) ०७१३ एवढेच असते. त्या आकड्यात तूर, मूग, मसूर, हरभरा, वाटाणा अशी सगळी वाळलेली कडधान्ये येतात. देश कुठेच नसतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आयात बंद करा, अशी आमची मागणी नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून जास्त बाहेरून येते, आणि तूर कमी पिकते त्या वर्षी आफ्रिका आणि म्यानमारची तूर नसती तर डाळीचे भाव कुठे गेले असते हे आम्हाला ठाऊक आहे. परदेशी माल वाईट आणि देशी चांगला, असेही आम्ही म्हणत नाही. बंदरावर सरकारला जी माहिती मिळते, ती पुडीपर्यंत पोहोचली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पहिली तक्रार तूरडाळीची आहे, आणि तीच सगळ्यात मोठी आहे.

न्हावा-शेवा बंदरात आयात तुरीचा कंटेनर येतो तेव्हा बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातदार सीमाशुल्क खात्याला देतो त्या अर्जावर, मूळ देशाचा रकाना भरावाच लागतो. निर्यात करणाऱ्या देशाच्या वनस्पती संरक्षण खात्याचे फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र लागते. शुल्कात सवलत घ्यायची असेल तर उत्पत्तीचे प्रमाणपत्र लागते, आणि २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या सीमाशुल्क नियमांप्रमाणे सवलत मागणाऱ्या आयातदाराला मूळ देशाची माहिती आणि कागद पाच वर्षे जपून ठेवावे लागतात. म्हणजे ही तूर मोझांबिकची, मलावीची, टांझानियाची की म्यानमारची, हे त्या दिवशी सरकारला कागदावर माहीत असते. बाजारातही लपवाछपवी नसते. घाऊक व्यापारी म्यानमारच्या तुरीला उघडपणे "लेमन" म्हणतात, आणि आफ्रिकेच्या तुरीचा भाव वेगळा फुटतो.

मग ती तूर डाळमिलमध्ये जाते. चाळली जाते, तेल-पाण्याचा हात लावून मुरवली जाते, वाळवली जाते, साल निघते, भरडली जाते, कधी पॉलिश होते. मिलवाल्याला वर्षभर एकाच देशाची तूर मिळत नाही. महाराष्ट्र-कर्नाटकातली तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत येते, म्यानमारची त्याच सुमारास किंवा थोडी नंतर, आफ्रिकेची पावसाळा संपता संपता. त्यामुळे मिश्रण होते, आणि ते करण्यात गैर काही नाही. पण मिलच्या दुसऱ्या दारातून जी एक किलोची पुडी बाहेर पडते, तिच्यावर काय असते ते पाहा. समोर हिरव्या शेताचे चित्र. मागे पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, १४ आकडी परवाना क्रमांक, पॅकिंगचा महिना, बॅच, कमाल किरकोळ किंमत, एकक विक्री किंमत, तक्रारीचा फोन. देश नाही. पॅकिंग लातूरला झाले असेल तर पत्ता लातूरचा, आणि वाचणारा साहजिकच समजतो की डाळ लातूरची.

यात कायदा मोडलेला नसतो. वैध मापनशास्त्राच्या आवेष्टित (पाकीटबंद) वस्तू नियम, २०११ मध्ये मूळ देश लिहिण्याची सक्ती आयात केलेल्या वस्तूच्या पाकिटासाठी आहे. आयात झाली ती अख्खी तूर, आणि पुडीत आहे ती इथे तयार झालेली डाळ. देशाचे नाव नेमके या फटीतून गळून पडते.

यात नुकसान कोणाचे? आधी शेतकऱ्याचे. २०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता, आणि नवी तूर बाजारात येत असतानाच आयातीची मुदत वाढली. त्या हंगामात अनेक बाजार समित्यांत भाव हमीभावाखाली उतरले. ग्राहकाला मुद्दाम इथली तूर घ्यायची असती, दोन रुपये जास्त देऊनही, तरी ती ओळखायची सोय नव्हती. दुसरे नुकसान खुद्द ग्राहकाचे. १०० किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, बाकी चुनी आणि टरफल गुरांच्या खाद्यात जाते. ७२ किलोचा उतारा धरला आणि तूर हमीभावाने घेतली, तर एक किलो डाळीमागे तुरीचेच सुमारे १०५ रुपये होतात. त्यावर मिलची मजुरी, पिशवी, भाडे, घाऊक आणि किरकोळ नफा, आणि त्यातून चुनीचे पैसे वजा. हा हिशेब कोणीही करू शकतो. पण कच्चा माल कुठला आणि कोणत्या भावाचा हे कळल्याशिवाय तो पुडीवरच्या किमतीशी ताडून पाहता येत नाही.

दुसरी तक्रार अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे आहे. २०२० च्या लेबलिंग विनियमांत म्हटले आहे की एखाद्या खाद्यपदार्थावर दुसऱ्या देशात प्रक्रिया होऊन त्याचे स्वरूप बदलले, तर लेबलसाठी प्रक्रिया झालेला देश हाच मूळ देश मानावा. नियम करताना हेतू काय होता याबद्दल आम्ही काही म्हणत नाही. प्रत्यक्षात तो कसा चालतो ते तेलात दिसते.

नेपाळमध्ये पामची लागवड नाही, आणि निर्यात करता येईल एवढे सोयाबीनही पिकत नाही. तरी सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने तेलावरचे शुल्क वाढवल्यानंतर नेपाळहून रिफाइंड सोयाबीन आणि पामतेल साफ्टाच्या (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराच्या) शून्य शुल्काने मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. बाहेरचे कच्चे तेल तिथे शुद्ध झाले की कागदावर नेपाळचे होते. देशातही हीच गोष्ट घडते. इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल, अर्जेंटिना-ब्राझीलचे सोयातेल, रशिया-युक्रेनचे सूर्यफूल तेल बंदराजवळच्या रिफायनरीत शुद्ध होते आणि पाऊच इथलाच म्हणून बाहेर पडतो. सूर्यफुलाच्या पाऊचवर फुललेले शेत छापलेले असते. ते शेत कोणत्या देशात आहे, हे ग्राहकाने ओळखायचे तरी कसे?

काजूची गोष्ट कोकण आणि गोव्याला फार लागते. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरचे मूळ शुल्क ५ वरून २.५ टक्के केले, कारण इथल्या कारखान्यांना वर्षभर पुरेल एवढी बी इथे होत नाही. तेही समजण्यासारखे आहे. बेनिन, आयव्हरी कोस्ट, टांझानियाची बी येते, वाफवली जाते, फोडली जाते, भट्टीत वाळवून सोलली जाते. १०० किलो बीमागे साधारण पाव हिस्सा गर निघतो, आणि डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशी प्रतवारी लागते. ही प्रतवारी आकाराची आहे, म्हणजे एका पौंडात किती गर बसतात त्याची. देशाची नव्हे. गिऱ्हाईक मात्र पणजी, मडगाव किंवा सावंतवाडीच्या दुकानात "गोव्याचे काजू" किंवा "कोकणचे काजू" म्हणून पैसे मोजते. वेंगुर्ला काजूला आणि पुढे, २०२३ मध्ये, गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले. बाजूच्या बरणीतला आफ्रिकी गर "गोव्यात तयार" म्हणून त्याच नावाने खपत असेल, तर मानांकनासाठी घेतलेल्या कष्टांना काय अर्थ राहतो? आपल्या बागेतली बी विकणाऱ्या बागायतदाराला त्याचा भाव मिळायचा कसा?

वाशीच्या बाजारात नोव्हेंबर-डिसेंबरात येणारा मलावीचा आंबा "मलावी" या नावानेच विकला जातो. लोक तो घेतात, भावही देतात, आणि एप्रिलमध्ये देवगड-रत्नागिरीच्या हापूसची वाटही पाहतात. देश सांगितला म्हणून विक्री थांबत नाही.

तिसरी तक्रार शुल्क आणि किंमत यांच्यातल्या अंधाराची. आकडे मांडतो.

१४ सप्टेंबर २०२४ रोजी कच्च्या तेलावरचे एकूण प्रभावी शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झाले, रिफाइंडवरचे १३.७५ वरून ३५.७५. मे २०२५ च्या निर्णयाने कच्च्या तेलावरचे १६.५ टक्क्यांवर आले, रिफाइंडवरचे तसेच राहिले. १६.५ कसे होतात? मूळ शुल्क १०, कृषी पायाभूत सुविधा उपकर ५, आणि या दोहोंच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे दीड. आता समजा कच्चे तेल बंदरावर टनाला १ लाख रुपयांना पडते. २७.५ टक्क्यांनी शुल्क किलोला साडेसत्तावीस रुपये, १६.५ टक्क्यांनी साडेसोळा. फरक किलोला ११ रुपये. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे १० रुपये, ५ टक्के जीएसटी धरून साडेदहा. बाकी काही बदलले नाही तर लिटरच्या पाऊचवर एवढी उतरण दिसायला हवी.

बाकी गोष्टी बदलतात, हे आम्ही जाणतो. डॉलर हलतो, आंतरराष्ट्रीय भाव हलतो, आणि शुल्क ज्या आधारमूल्यावर लागते ते सरकार दर पंधरवड्याला जाहीर करते. जहाजांचाही प्रश्न असतो: अर्जेंटिनाहून सोयातेल यायला दीड महिना लागतो, पामतेल त्याच्या कितीतरी आधी पोहोचते. पण एक बाब ग्राहकाला कोणी सांगत नाही. बाँडेड टाकीत, म्हणजे शुल्क भरण्याआधी माल ठेवतात तिथे, असलेल्या मालावर शुल्क लागते ते माल सोडवण्यासाठी बिल ऑफ एंट्री दाखल होते त्या दिवसाच्या दराने. त्यामुळे शुल्क उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी बाँडमधून सोडवायला काढलेले तेल नव्या, कमी दराचेच असते. वाढताना मात्र उलटे होऊ नये, म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये तुमच्याच मंत्रालयाने कंपन्यांना सांगितले होते की कमी शुल्काने आलेला सुमारे ३० लाख टन साठा देशात आहे, तो ४५ ते ५० दिवस पुरेल, तोवर किंमत वाढवू नका. जून २०२५ मध्ये तुम्ही उलट सूचना दिली: उतरलेल्या शुल्काचा फायदा ग्राहकाला द्या आणि वितरक किंमत व कमाल किरकोळ किंमत यांचे तक्ते दर आठवड्याला आमच्याकडे पाठवा. दोन्ही सूचना योग्य होत्या, आणि त्यांचे आम्ही स्वागत करतो. पण ते तक्ते तुमच्या कार्यालयात पोहोचले की तिथेच राहतात. ज्याच्यासाठी ते मागवले, त्या ग्राहकाला ते पाहायला मिळायला हवेत.

याच अंधारात वजनाचा खेळ चालतो. ठरावीक वजनांची अनुसूची नियमांतून काढल्यापासून तेलाचे पाऊच ८००, ८५०, ८७० ग्रॅमचे निघू लागले. समोरून पाहिले तर तोच पाऊच, तेच चित्र. एकक विक्री किंमत लिहावी लागते हे खरे, पण एक किलोच्या आतल्या पाकिटावर ती ग्रॅममागे असते आणि मोठ्या पाकिटावर किलोमागे. ८५० ग्रॅमच्या पाऊचवर "०.१६ रु. प्रति ग्रॅम" आणि पाच किलोच्या डब्यावर "१५४ रु. प्रति किलो" हे दोन आकडे दुकानात उभ्या उभ्या ताडून पाहणे सोपे नाही. त्यातही ०.१६ हा आकडा पूर्णांकित असेल, तर खरा भाव किलोला १५५ आहे की १६४, ते त्यावरून कळतच नाही.

बेसनाबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. नियमाप्रमाणे बेसन म्हणजे फक्त सोललेल्या हरभऱ्याचे पीठ, दुसरे काहीही मिसळायचे नाही. पिवळ्या वाटाण्यावर आधी ५० टक्के शुल्क आणि किलोला २०० रुपयांची किमान आयात किंमत होती. ८ डिसेंबर २०२३ पासून शुल्क शून्य झाले, मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली, आणि कॅनडा-रशियाचा स्वस्त वाटाणा बाजारात भरून राहिला. हरभऱ्याच्या डाळीपेक्षा वाटाणा स्वस्त झाला की बेसनात वाटाण्याचे पीठ घालण्याचा मोह वाढतो, हे या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो. घरी त्याची खात्रीशीर तपासणी होत नाही. पिठल्याला कच्चट वास येतो, भज्यांचे पीठ नेहमीसारखे बांधले जात नाही, एवढाच संशय. पक्के उत्तर प्रयोगशाळाच देते. म्हणून शुल्क बदलले की बेसनाचे नमुने जास्त घ्यायला हवेत. जिथे भावाचा फरक वाढतो तिथेच भेसळ वाढते.

आणखी काही गैरसमज लेबलामुळेच पसरतात. बारकोडची सुरुवात ८९० ने झाली की वस्तू भारतीय, असे लाखो लोक समजतात. तो आकडा फक्त बारकोड क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला आहे एवढेच सांगतो, आत कुठला माल आहे ते नाही. परवाना क्रमांकातला राज्याचा संकेतांकही व्यवसायाचा, धान्याचा नव्हे. आणि पॅकिंगचा महिना म्हणजे पिकाचा महिना नाही. गोदामात वर्षभर पडलेल्या तुरीची डाळ या महिन्यात पॅक झाली तर पुडीवर हाच महिना येतो. मग ती कुकरमध्ये दोन शिट्ट्या जास्त घेते आणि घरातल्या लोकांना कारण कळत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

एक. डाळी, बेसन, खाद्यतेल आणि काजूगर यांच्या पाकिटावर "कच्चा माल कुठला" ही वेगळी ओळ सक्तीची करा. प्रक्रिया कुठे झाली ते स्वतंत्र लिहा. मिश्रण असेल तर "भारत किमान ४० टक्के, बाकी आयात: मोझांबिक, म्यानमार" असे चालेल. ऑस्ट्रेलियात अनेक खाद्यपदार्थांच्या लेबलवर देशी घटकांचे प्रमाण पट्टीने दाखवावे लागते, २०१८ पासून ते सक्तीचे आहे. खर्चाचे कारण कोणी पुढे केले तर लक्षात घ्या की पिशवीचे छापील डिझाइन बदलावे लागत नाही. महिना, बॅच आणि किंमत आजही पॅकिंग लाइनवर इंकजेटने उमटते. त्याच ठशात एक ओळ वाढेल.

दोन. २०२० च्या विनियमांतले प्रक्रियेचे कलम या वस्तूंपुरते बदला. साल काढणे, भरडणे, शुद्ध करणे आणि सोलणे यांनी मूळ देश बदलणार नाही, असे स्पष्ट लिहा.

तीन. बिल ऑफ एंट्रीवरचा देश मिलच्या आणि घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर पुढे चालू ठेवा. एचएसएनच्या शेजारी दोन अक्षरी देशसंकेत पुरेसा आहे. सुट्टा माल विकणाऱ्या दुकानदाराला तोच संकेत गोणीवरून बरणीच्या पाटीवर लिहिता येईल. तो त्याला मिळाला नाही, तर दंड त्याला होऊ नये.

चार. कंपन्यांकडून येणारे साप्ताहिक किंमत-तक्ते दर सोमवारी सार्वजनिक करा, मराठीसह भारतीय भाषांत, प्रत्येक शुल्कबदलाच्या आधी आणि नंतरचे किमान आठ आठवडे शेजारी शेजारी ठेवून.

पाच. एकक विक्री किंमत सगळ्या पाकिटांवर किलोमागे किंवा लिटरमागेच लिहायला लावा, आणि ती कमाल किरकोळ किमतीच्या शेजारी, तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत.

सहा. पिवळ्या वाटाण्याचे किंवा हरभऱ्याचे शुल्क बदलल्यापासून ९० दिवस बेसनाची खास नमुना तपासणी करा आणि निकाल जिल्हावार जाहीर करा.

सात. धान्याच्या पाकिटावर पॅकिंगच्या महिन्याबरोबर पीकहंगामाचे वर्षही यावे. याला वेळ लागेल हे आम्हाला मान्य आहे, पण मसुदा तरी काढा.

नियमांत बदल करताना हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या मसुद्याची मराठी प्रत त्याच दिवशी संकेतस्थळावर ठेवा आणि किमान ६० दिवस द्या. डाळमिलवाले, काजू कारखानदार, बागायतदार आणि दुकानदार यांच्याकडून लॉटच्या नोंदी कशा ठेवता येतील याचे नमुना तक्ते आम्ही सूचनांसोबत पाठवू.

आपले,
महाराष्ट्र आणि गोव्यातील काही किराणा दुकानदार व ग्राहक